गर्द घेणारा रुग्ण तिसऱ्या दिवशी वॉर्डातून का जातो आणि त्याला कसं थांबवायचं

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या एका मनपा रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात गर्द (म्हणजे ब्राऊन शुगर, अशुद्ध हेरॉइन) घेणारे रुग्ण टीबी, गळू, ताप, धाप असलं काही घेऊन येतात, दाखल होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) सही करून किंवा सही न करताच निघून जातात. हानी-न्यूनीकरण म्हणजे सुया वाटणं, एवढंच ऐकून माहीत आहे. रुग्णालयाच्या पातळीवर नेमकं काय करता येईल?

उत्तर ‘दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी’ या शब्दांतच आहे. गर्दचा शेवटचा डोस घेतल्यापासून सहा ते बारा तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते. आधी जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मग हाडं ठणकायला लागतात, पोटात मुरडा येतो, जुलाब-उलट्या होतात, पाय एका जागी राहत नाहीत. ३६ ते ७२ तासांच्या दरम्यान हे टोकाला जातं आणि पाच-सात दिवसांत ओसरतं. सकाळी केस पेपर काढून दुपारी बेड मिळालेला माणूस त्या रात्री चुळबुळतो, दुसऱ्या रात्री कळवळतो आणि तिसऱ्या दिवशी सलाईन उपसून चालू लागतो. टीबी बरा व्हावा असं त्यालाही वाटत असतं. पण त्याला आधी पुढचे चार तास काढायचे असतात, आणि त्यावरचं एकच औषध त्याला माहीत असतं. ते गेटबाहेर मिळतं.

म्हणून वॉर्डातल्या हानी-न्यूनीकरणाची सुरुवात टर्कीवरच्या उपचारानं करा. मराठीत ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द इतका घट्ट रुजलाय (पुण्यात मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं, तेव्हापासूनचा तो वारसा आहे) की नशा सुटणं म्हणजेच उपचार, असं डॉक्टरही धरून चालतात. हानी-न्यूनीकरणात व्यसनमुक्तीशी वैर नाही, पण ती दारात विचारायची अट नाही. माणूस आज गर्द घेतोय, उद्याही कदाचित घेईल. तरी त्याचा टीबीचा कोर्स पूर्ण व्हावा, हिपॅटायटिस सी बरा व्हावा, त्याला एचआयव्ही होऊ नये आणि ओव्हरडोसनं तो मरू नये, एवढं धरून पुढचं सगळं मांडायचं. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रानं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ओपिऑइडच्या (गर्द, अफू आणि त्या जातीच्या औषधांच्या) त्रासासाठी मदत लागेल अशांची संख्या सुमारे ७७ लाख आणि टोचून नशा घेणाऱ्यांची सुमारे साडेआठ लाख निघाली होती. हे सगळे एकवीस दिवसांच्या मुक्कामी केंद्रात मावणार नाहीत. ते तुमच्याच ओपीडीत येणार.

दाखल करतानाच पाच गोष्टी विचारा: काय घेता, कसं घेता (पन्नीवर ओढून, सिगारेटमध्ये भरून की टोचून), दिवसाला किती पुड्या, शेवटचं कधी घेतलं, आणि सोबत दारू किंवा ‘बटन’ आहे का. बटन म्हणजे बहुधा नायट्राझेपामच्या गोळ्या. हा पाचवा प्रश्न हमखास राहतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. नुसत्या टर्कीनं माणूस सहसा मरत नाही. जुलाब-उलट्यांनी फार सुकला तरच धोका. दारू किंवा बटन मात्र अचानक तुटलं तर आकडी येते, भ्रम होतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. अशा रुग्णाला डायझेपाम किंवा लोराझेपामचा उतरता कोर्स लागतो, आणि दारू असेल तर ग्लुकोजच्या आधी थायामिन. हे प्रश्न बेडपाशी, नातेवाइकांना बाजूला करून, इतर रुग्ण ऐकणार नाहीत अशा आवाजात विचारा. ‘गर्दुल्ला आहेस का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’च येणार, आणि ते ‘नाही’ केस पेपरवर चढलं की तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

टर्की मोजायला काऊज ही मोजपट्टी आहे. नाडी, घाम, अस्वस्थता, बाहुल्या, हाडं-सांधे, वाहतं नाक, पोट, थरथर, जांभया, चिडचिड आणि अंगावरचा काटा अशा अकरा गोष्टी, दोन-तीन मिनिटांचं काम. ५ ते १२ म्हणजे सौम्य, १३ ते २४ मध्यम, २५ ते ३६ बऱ्यापैकी तीव्र, ३६च्या पुढे तीव्र. सिस्टरना एकदा बसवून शिकवलं की त्या तापाच्या तक्त्याशेजारीच ती भरतात.

औषध बुप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची गोळी, ०.४ आणि २ मिग्रॅची. आकडा १२च्या आसपास पोचल्यावर पहिला डोस २ मिग्रॅ, दोन तासांनी पुन्हा पाहून २ ते ४ मिग्रॅ, पहिल्या दिवशी साधारण ८ मिग्रॅपर्यंत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गरजेप्रमाणे वाढवत बहुतेक रुग्ण ८ ते १६ मिग्रॅच्या दरम्यान स्थिरावतात. यात दोन चुका नेहमी होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली, घाई. बुप्रेनॉर्फिन मेंदूतल्या रिसेप्टरला गर्दपेक्षा घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच चालवतं. रुग्णानं तासाभरापूर्वी संडासात जाऊन पुडी ओढली असेल आणि तुम्ही गोळी दिलीत, तर ती आधीचं गर्द हुसकावून लावते आणि अर्ध्या तासात अशी टर्की चढते की तो माणूस पुन्हा या गोळीला हात लावत नाही. वर बाहेर जाऊन दहा जणांना सांगतो की तिथे विष देतात. म्हणून ‘शेवटचं कधी घेतलं’ याचं उत्तर ऐकायचं, पण विश्वास बाहुल्यांवर ठेवायचा. त्या टाचणीएवढ्या असतील तर थांबा.

दुसरी चूक म्हणजे कंजूषपणा. २ मिग्रॅवर चार दिवस ठेवायचं, ‘सवय लागेल’ म्हणून. सवय त्याला आधीच लागलेली आहे. कमी डोसवर टर्की अर्धीच दबते आणि उरलेली अर्धी तो बाहेर जाऊन भरून काढतो. मग ‘औषध देऊनही हे लोक सुधारत नाहीत’ असं राउंडला बोललं जातं.

अडचण पुरवठ्याची आहे. जिभेखालची ही गोळी वॉर्डाच्या स्टोअरमधून मागवता येत नाही, ती व्यसनोपचार केंद्रामार्फत द्यायची असते. त्यामुळे मेडिसिन आणि मानसोपचार विभागांनी आपसात एक लेखी पद्धत ठरवावी लागते: कॉल गेल्यापासून चार तासांत मानसोपचारचा रेसिडेंट येईल, डोस लिहील, केंद्राचा साठा वॉर्डात कोण आणेल, रजिस्टरवर कुणाची सही. आणि रात्री आठनंतर व रविवारी काय करायचं हेही. बहुतेक ठिकाणी पद्धत असते, रविवारचं कलम नसतं.

हे होईपर्यंतची सोय म्हणून क्लोनिडीन ०.१ मिग्रॅ दिवसातून तीनदा, दर वेळी रक्तदाब पाहून. वरचा आकडा ९०च्या खाली असेल तर डोस चुकवायचा. जोडीला जुलाबाला लोपेरामाइड, उलटीला ऑन्डॅनसेट्रॉन, अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, भरपूर ओआरएस. यानं घाम आणि धडधड कमी होते. ओढ कमी होत नाही, झोप येत नाही. ही रात्र काढण्यापुरती तडजोड आहे. आणि एक अगदी साधी गोष्ट: हे जवळजवळ सगळे बिडी-सिगारेट किंवा तंबाखूवाले असतात. निकोटिनचं गम हाताशी ठेवलंत तर ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणणारे कमी होतील, आणि खाली गेलेला माणूसच परत येत नसतो.

ओएसटीची, म्हणजे गर्दऐवजी रोज बुप्रेनॉर्फिन देणाऱ्या उपचाराची, खिडकी जवळून पाहिली नसेल तर एकदा सकाळी जाऊन पाहा. नर्स रजिस्टरमधला क्रमांक जुळवते, दोन-चार गोळ्या काढते, त्यांची पूड करते आणि ती रुग्णाच्या जिभेखाली ठेवते. अख्खी गोळी तोंडातून काढून खिशात घालता येते, ओली पूड नाही. म्हणून ही कुटाकुटी. रुग्ण पाच-सात मिनिटं बाकावर तोंड मिटून बसतो. बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, कारण गिळलेलं बुप्रेनॉर्फिन यकृतातच संपतं. मग तो ‘आ’ करून दाखवतो आणि कामावर जातो. सगळं मिळून दहा मिनिटं. पण ही दहा मिनिटं रोज, वर्षभर. केंद्र दोन बस बदलून असेल किंवा खिडकी नऊला उघडत असेल आणि नाक्यावर मजुरी आठला ठरत असेल, तर औषध कितीही चांगलं असो, माणूस महिन्याभरात गळतो. मुंबईतले ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडे असतात. स्थिर झालेल्या रुग्णांचा डोस अशा वस्तीतल्या ठिकाणी हलवणं आणि त्यांना काही दिवसांच्या गोळ्या घरी देणं, या दोन बदलांनी टिकण्याचं प्रमाण जितकं सुधारेल तितकं कुठल्याही समुपदेशनानं सुधारणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक फट आहे. एड्स नियंत्रण कार्यक्रमातलं ओएसटी मुळात टोचणाऱ्यांसाठी आखलं गेलं. मुंबईत पन्नीवर ओढणारे भरपूर. त्यांना ‘तू टोचत नाहीस’ म्हणून परत पाठवलं जातं, म्हणजे एका अर्थी टोचायला लागल्यावर ये असंच सांगितलं जातं. त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांतली व्यसनोपचार ओपीडी आहे. तिचा पत्ता आणि वार वॉर्डातल्या फळ्यावर लिहून ठेवा. पन्नीवाल्याच्या छातीकडेही लक्ष द्या: वर्षानुवर्षं धूर ओढून तिशी-पस्तिशीतच दमा आणि एम्फिसीमा दिसतो, आणि थुंकीत टीबी सापडला नाही तरी ‘टीबीच असेल’ म्हणून औषधं सुरू होतात. पीक फ्लो आणि इनहेलर यांचा विचार आधी करा.

आता रिफॅम्पिसिन. ओएसटीवरच्या टीबीच्या रुग्णाचा कोर्स अर्धवट का सुटतो याचं एक कारण या गोळीतच असतं. रिफॅम्पिसिन यकृतातली विकरं चेतवतं आणि आठवड्या-दीड आठवड्यात मेथाडोनची (हे ओएसटीतलं दुसरं औषध) आणि बुप्रेनॉर्फिनची रक्तातली पातळी घसरते. बुप्रेनॉर्फिनच्या बाबतीत ती निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. रुग्णाला एवढंच कळतं की टीबीची लाल गोळी सुरू केल्यापासून पुन्हा टर्की यायला लागली. तो टीबीची गोळी सोडतो आणि त्याच्या दृष्टीनं ते अगदी शहाणपणाचं असतं. उपाय सोपा आहे, पण दोन खिडक्यांनी एकमेकींशी बोलावं लागतं: टीबीचा कोर्स सुरू करण्याच्या दिवशीच ओएसटीला कळवा, पहिले तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी काऊज पाहा, डोस वाढवत न्या. आणि कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांत डोस परत खाली आणा. हा शेवटचा भाग सगळे विसरतात आणि रुग्ण गुंगीत सापडतो.

एचआयव्हीही असेल तर डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ एकदाऐवजी बारा-बारा तासांनी दोनदा लागतं, जोवर रिफॅम्पिसिन चालू आहे तोवर. डोल्युटेग्राविरचं बुप्रेनॉर्फिनशी किंवा मेथाडोनशी वाकडं नाही, ही त्यातली जमेची बाजू. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत बेडाक्विलिन आणि मेथाडोन एकत्र आले तर दोन्ही क्यूटी (ईसीजीवरचं हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर) लांबवतात, तेव्हा ईसीजीशिवाय पुढे जाऊ नका. तिथेच लिनेझोलिड चालू असताना अंगदुखीला ट्रॅमाडॉल लिहिण्याची सवय मोडा. सेरोटोनिनचा गोंधळ होतो. टीबी रुग्णाच्या आहारासाठीचे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४पासून महिना १,००० रुपये झाले आहेत, पण ते बँक खात्यात येतात. फुटपाथवरच्या रुग्णाचं खातं काढून देणं हे सोशल वर्करच्या कामांच्या यादीत पहिल्या आठवड्यातच लिहा.

गळवांकडे वळू. हाताच्या शिरा संपल्या की माणूस जांघेत टोचतो. तिथे फेमोरल शीर आणि धमनी शेजारी-शेजारी. सुई अर्धा सेंटिमीटर बाहेर गेली की धमनीला भोक पडतं आणि तिथे हळूहळू रक्ताचा फुगा तयार होतो. वरून तो अगदी गळूसारखाच दिसतो: लाल, गरम, ठणकणारा. कॅज्युअल्टीतल्या ज्युनिअरनं ‘आय अँड डी’ (चिरा देऊन पू काढणं) म्हणत ब्लेड घातलं की छतापर्यंत रक्त. टोचणाऱ्या रुग्णाच्या जांघेतल्या कुठल्याही सुजेला चिरा देण्याआधी हात ठेवून धडधड पाहा, स्टेथोस्कोप लावून ऐका, आणि दोन्ही नसलं तरी कलर डॉप्लर कराच. आत गुठळी बसली असेल तर धडधड लागत नाही. एक्स-रेही काढा, तुटलेली सुई आत असू शकते आणि ती तुमच्या बोटात जाते.

साध्या गळवाला निचरा, सलाईननं धुणं, धनुर्वाताचं इंजेक्शन. ड्रेसिंगला रोज सकाळी नऊला या असं सांगू नका, तो येणार नाही. तीन दिवसांचं गॉझ, सलाईनच्या छोट्या बाटल्या आणि चिकटपट्टी पिशवीत घालून द्या, आणि पट्टी कशी बदलायची ते त्याच्याकडून एकदा करवून घ्या. सलाईन लावायला शीर सापडत नसेल तर त्यालाच विचारा. स्वतःच्या शिरांचा नकाशा त्याला तुमच्यापेक्षा चांगला पाठ असतो, आणि विचारल्यानं पुढचं बोलणंही सोपं जातं.

ताप, खोकला, छातीच्या फोटोत दोन्हीकडे गोल-गोल डाग, काहींत पोकळी. मुंबईत कुणीही टीबी म्हणेल. टोचणाऱ्यात हे उजव्या बाजूचं एन्डोकार्डायटिस असू शकतं: सुईबरोबर गेलेले स्टॅफिलोकॉकस ट्रायकस्पिड झडपेवर बसतात आणि तिथून तुकडे फुप्फुसात उडतात. मर्मर बऱ्याचदा ऐकूच येत नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी वेगवेगळ्या जागांहून दोन-तीन ब्लड कल्चर घ्या आणि इको करा. सेफ्ट्रिऍक्सोन टोचून झाल्यावर घेतलेल्या कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवत नाही, आणि मग सहा महिने टीबीची औषधं चालतात, किंवा तितका काळ रुग्ण उरत नाही. याच्या उपचाराला चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक लागतं. टर्की सांभाळल्याशिवाय इतके दिवस कोण राहील, हे वेगळं सांगायला नको.

ओएसटीवरच्या रुग्णाचं ऑपरेशन असेल तर बुप्रेनॉर्फिन बंद करू नका. रोजचा डोस तीन-चार भागांत विभागून द्या (वेदनाशामक परिणाम सहा-आठ तासच टिकतो), वर पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, जमल्यास नर्व्ह ब्लॉक, आणि लागलंच तर पुरेसं मॉर्फिन. ‘याला दुखतंय की नशा हवीय’ हा वाद रात्री दोन वाजता वॉर्डात सोडवता येत नाही. हाड मोडलंय, तर दुखतंय असं धरा.

हिपॅटायटिस सी या बाबतीत आपल्याकडे खरोखर चांगली बातमी आहे आणि ती वॉर्डात पोचलेली नाही. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. अँटिबॉडीची रॅपिड चाचणी पॉझिटिव्ह आली की आरएनएची चाचणी, म्हणजे विषाणू अजून रक्तात आहे का ते कळतं. ती पॉझिटिव्ह आणि सिऱ्होसिस नसेल तर सोफोसबुविर ४०० मिग्रॅ आणि डाक्लाटासविर ६० मिग्रॅ रोज, १२ आठवडे. संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए. बहुतेक सगळे बरे होतात, टोचणं चालू असलं तरी. ‘आधी नशा सोड, मग औषध’ याला वैद्यकीय आधार नाही. उलट जो टोचतोय त्याला बरं केलं की त्याच्यापासून पुढे होणारी लागण थांबते. औषध सुरू करण्याआधी एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची चाचणी) पाहा, कारण सी गेल्यावर बी डोकं वर काढू शकतो. रिफॅम्पिसिन चालू असेल तर थांबा, टीबी आधी संपवा, नाहीतर ही औषधं रक्तात टिकतच नाहीत. आणि बी निगेटिव्ह असेल तर लस तिथल्या तिथे: ०, ७ आणि २१ दिवस हे जलद वेळापत्रक, वर्षभरानं बूस्टर. सहा महिन्यांनी तिसऱ्या डोसला तो कुठे असेल, हे त्यालाही सांगता येणार नाही.

सिरिंजबद्दल तुम्ही ऐकलंच आहे, तर थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३०साठीचं उद्दिष्ट माणशी वर्षाला ३०० सिरिंजचं आहे. दिवसाला तीनदा टोचणाऱ्याला हजारावर लागतात. त्यामुळे ‘एक परत आण, एक घे’ असा हट्ट धरू नका. गोळा करायच्या त्या भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे. सुई जोडलेली १ मिलीची इन्सुलिन सिरिंज शक्य तिथे द्या, कारण सुटी सुई बसवलेल्या सिरिंजच्या तोंडाशी टोचून झाल्यावरही बरंच रक्त उरतं आणि सी विषाणू त्यात आठवडेच्या आठवडे जगतो. झाकण, कापूस आणि पाणी वाटून घेतल्यानंही तो पसरतो, हे नुसत्या सुया देणारे सांगत नाहीत. ब्राऊन शुगर पाण्यात विरघळत नाही म्हणून लिंबू पिळतात; त्यातून बुरशी रक्तात जाते आणि डोळ्यात बसते. टोचणाऱ्या रुग्णाला अचानक एका डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं तर ती डोळ्याच्या विभागाची इमर्जन्सी समजा.

ओव्हरडोस: टाचणीएवढ्या बाहुल्या, मिनिटाला दहाहून कमी श्वास, निळे ओठ, घोरल्यासारखी घरघर. रस्त्यावर काय होतं, तर थोबाडीत मारतात, गार पाणी ओततात, मिठाचं पाणी टोचतात. शेवटचं सर्वांत वाईट, त्यात वेळ जातो आणि गळू वेगळंच. करायचं ते हे: डोकं मागे कलवून तोंडातून श्वास, दर पाच सेकंदांना एक, आणि नॅलॉक्सोन (ओपिऑइडचा अंमल उतरवणारं औषध) ०.४ मिग्रॅ मांडीत किंवा दंडात. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा. कॅज्युअल्टीत शिरेतून देत असाल तर अगदी थोडं-थोडं द्या. श्वास नीट येईल एवढंच पुरे, खडबडून जाग यायला नको. पूर्ण ऍम्प्युल एकदम ढकललीत तर रुग्ण कडकडीत टर्कीत उठतो, शिव्या देत निघून जातो, आणि नॅलॉक्सोनचा अंमल ३० ते ९० मिनिटांत उतरल्यावर बाहेर कुठेतरी पुन्हा श्वास मंदावतो. बटन घेतलं असेल तर त्यावर नॅलॉक्सोन चालत नाही, श्वासच द्यावा लागतो. ट्रॅमाडॉल असेल तर आकडीची तयारी ठेवा.

नॅलॉक्सोन हे प्रिस्क्रिप्शनचं औषध. मग प्रिस्क्रिप्शन लिहा. डिस्चार्जच्या पिशवीत दोन ऍम्प्युल, स्नायूत जाईल अशा सुईच्या दोन सिरिंज, हातमोजे, आणि सोबत राहणाऱ्या दोस्ताला पाच मिनिटांची शिकवण, कारण ओव्हरडोसमध्ये स्वतःला कुणी टोचू शकत नाही. ऍम्प्युल फोडताना कापडात धरायची, नाहीतर घाबरलेला माणूस बोट कापून घेतो. सर्वांत जास्त धोका कुणाला? जो नुकताच तुरुंगातून सुटला, मुक्कामी केंद्रातून घरी आला, किंवा तुमच्याकडे दहा दिवस काहीही न घेता राहिला, त्याला. सहनशक्ती उतरलेली असते, हात जुन्याच मापानं पुडी घेतो. बाहेर पडल्यापासूनचे पहिले दोन आठवडे.

एमडीवाल्यांना यातलं बरंच लागू नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन, आणि त्याला बदली औषध नाही. तिथे तापलेलं अंग, धडधड, भीती, दोन-तीन रात्रींची झोप बुडालेली. शांत खोली, डायझेपाम, पाणी, तापमान मोजणं. बांधून ठेवल्यानं अंग आणखी तापतं आणि हृदय बंद पडू शकतं. सेक्सच्या वेळी एमडी घेणाऱ्यांना कंडोम, एचआयव्ही तपासणी आणि प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध) यांबद्दल सरळ विचारा.

गरोदर बाई ओपिऑइडवर असेल तर तिला डिटॉक्स करू नका. टर्कीत गर्भाला त्रास होतो. ओएसटीवर ठेवा, बाळंतपण रुग्णालयातच करा, बाळाला काही दिवस चुळबुळ आणि रडणं झालं तर ते सांभाळता येतं. बायका पुरुषांच्या रांगेत येत नाहीत. त्यांना वेगळा वार, वेगळी खोली आणि विचारपूस करणारी बाई लागते.

पोलिसांच्या भीतीबद्दल. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या रुग्णालयात उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालत नाही; उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. मनपाचं रुग्णालय त्यात बसतं. हेरॉइनचं अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत. सुया देणं आणि ओएसटी चालवणं यांना एचआयव्ही-एड्स कायदा २०१७चं कलम २२ संरक्षण देतं, आणि तो कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. ओव्हरडोसची एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) करावी लागते, ती करा, पण श्वास स्थिर झाल्यावर. आणि रुग्णाला सांगा की एमएलसी म्हणजे अटक नव्हे. गेटवरच्या सिक्युरिटीला हे सगळं माहीत असायला हवं, कारण रुग्णाचा पहिला सामना त्याच्याशी होतो. तिथे रोजचा वावर असलेला एक पीअर, म्हणजे पूर्वी स्वतः नशा केलेला आणि आता पगारी काम करणारा माणूस, नेमता आला तर सकाळी दाखल झालेल्याला संध्याकाळपर्यंत तो जे पटवेल ते तुम्हाला-मला आठवडाभरात जमायचं नाही.

डिस्चार्ज शनिवारी दुपारी देऊ नका. वॉर्डात १२ मिग्रॅवर स्थिर झालेला माणूस शनिवारी दोनला बाहेर पडला, ओएसटीची खिडकी बाराला बंद झालेली, रविवारी ती उघडेल की नाही माहीत नाही, तर सोमवारी सकाळी तो कुठे असेल याचा अंदाज तुम्हालाच येईल. शुक्रवारी सकाळीच केंद्राला फोन करून क्रमांक घ्या, जमल्यास पीअरला सोबत पाठवा. पत्रावर चार गोष्टी ठळक: शेवटचा डोस किती मिग्रॅ, किती तारखेला, किती वाजता, आणि सोबत रिफॅम्पिसिन चालू आहे की नाही. हे पत्र नसेल तर केंद्र पुन्हा २ मिग्रॅपासून सुरू करतं. मागच्या बाजूला शिक्का मारून घ्या: व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, एचआयव्हीसाठी १०९७. आणि निदानाच्या रकान्यात ‘ओपिऑइड डिपेन्डन्स’ लिहा. ‘गर्दुल्ला, केस अब्सकॉन्डिंग’ असं लिहिलेला जुना कागद पुढच्या वेळी रुग्ण सोबत आणतच नाही, आणि तुमच्या इन्टर्नला सगळी हिस्ट्री पहिल्यापासून घ्यावी लागते.